चालू, बंद आणि ‘हं’

आमच्या मामाचे दोन संसार. एक मामीशी, दुसरा अंगणातल्या इंजिनाशी. हवाई दलात मेकॅनिक असताना शिकाऊ वैमानिकांच्या विमानाचं हे चार सिलिंडरचं इंजिन त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं आणि ते भंगारात निघालं तेव्हा लिलावातून घरी आणलं. सिलिंडर खाली लोंबणारे, म्हणजे उलटंच. “उलट्या खोपडीला उलटंच मिळायचं,” मामी म्हणायची.

मुलाने तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि म्हणाला, घर विका, इकडे या. मामाने मामीला विचारलं, “जाऊ या ना?” मामी भाजी निवडता निवडता “हं” म्हणाली. झालं! फ्लॅटमध्ये इंजिन कुठे ठेवणार? मामाने भंगारवाल्याला बोलावलं. मला तर रागच आला. जीव की प्राण असलेली वस्तू विकायला काढली आणि चेहरा रद्दी देतोय असा!

भंगारवाला दोर घेऊन आला, तेव्हा मामा म्हणाला, “थांब, शेवटचं एकदा चालवतो.” ते इंजिन पुढचा विमानाचा पंखा हाताने ओढून सुरू करायचं, त्यामुळे स्विचपाशी दुसरं माणूस लागतं. मी पडले भित्री भागूबाई. पदर खोचून मामीच उभी राहिली.

मामाने लाकडी पंख्यावर हात ठेवला. “स्विच बंद?”

“हं.”

मामाने हात झटकन मागे घेतला. “इथे हं चालत नाही! चालू की बंद? चुकलं तर माझा हात जाईल. नीट शब्दात सांग.”

“अगंबाई! पंखा फिरवायला माझं हं चालत नाही, आणि घर विकायला बरं चाललं?”

मामा तिच्याकडे वळला. “म्हणजे तुला जायचं नाहीये?”

“नाही,” मामी खणखणीत म्हणाली. “आणि स्विच बंद आहे. ओढा आता.”

मामाने पंखा दोनदा सावकाश फिरवला. “स्विच चालू?”

“चालू!”

मामाने पंखा हिसका देऊन ओढला. इंजिन खोकलं, शिंकलं, वाळत घातलेल्या चादरींवर काळा धूर सोडला आणि असं धडधडलं की भंगारवाल्यानेही टाळ्या पिटल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

इंजिन थांबल्यावर मामाने मुलाला फोन लावला आणि तो मामीच्या हातात दिला.

“तूच सांग त्याला,” तो म्हणाला. “माझ्या ऐकण्याचा काही भरवसा नाही.”