नळावरचा दगड

पुण्याहून निघताना सुनेने विचारले, "बाबा, एकटेच का जाताय?" मी म्हटले, "गाव बघून येतो." ते अर्धेच खरे होते.

दुपारी क्रांती चौकात उतरलो. चौक ओळखू आला नाही. एका कॉलेजच्या मुलीने हात धरून रस्ता ओलांडून दिला. उस्मानपुऱ्यातली आमची गल्ली मात्र सापडली. पन्नास वर्षांपूर्वी तिथे नळाला पाणी आले की भांडण ठरलेले असे. अशाच एका भांडणात मी दगड भिरकावला आणि तो शेजारच्या युनूसच्या अब्बांना लागला. ते शिंपी होते. त्यांचा डोळा गेला, मशीन बंद पडले. मला नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला हवा होता. मी खंडूचे नाव सांगितले. खंडू सोयगावकडच्या मेंढपाळाचा मुलगा, शिकण्यासाठी गल्लीत खोली घेऊन राहिलेला. गल्लीने त्याला मारून हाकलले. मी पुण्याला गेलो.

अब्बांच्या दुकानात आता युनूस बसतो.

"क्या मियाँ, रस्ता भूल गये क्या?"

त्याने नान-खलिया (मटणाचा मसालेदार रस्सा आणि रोटी) मागवला. भिंतीवर अब्बांचा काळ्या चष्म्यातला फोटो होता. "वो सोयगाववाला..." युनूस म्हणाला आणि रस्सा वाढू लागला. मी नान मोडत राहिलो. रस्सा शर्टावर सांडला. त्यानेच फडक्याने पुसला.

दुसऱ्या दिवशी सोयगावची बस धरली. अजिंठ्याचा घाट उतरला की दोन्ही बाजूंना कपाशी. गावाबाहेर बांधावर खंडू मेंढरे राखत होता. मी नाव सांगण्याआधीच त्याने ओळखले.

"दगड माझा होता," मी म्हणालो.

"ठाव हाय. तुझ्या मागंच उभा व्हतो की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लई सांगितलं. मार खात खात सांगितलं. माझं कोन ऐकतंय?" त्याने एका मेंढीला हाकारले. "अन् तू मलाच सांगाया आलास व्हय? म्हातारा झालास, पन अक्कल नाय आली. युनूसला सांगितलंस?"

"नाही. काल त्याच्याकडे जेवलो फक्त."

"त्याचं मटण मात्र खाल्लंस." तो माझ्या शर्टावरच्या कालच्या डागाकडे बघत होता. "जा. साडेतीनची गाडी हाय."

त्याचा फोन नंबर तेवढा मागून घेतला.

संध्याकाळी युनूसला सगळे सांगितले. त्याने कात्री खाली ठेवली. मग विचारले, "उसका नंबर है?"

फोन लागल्यावर त्याने माझ्याकडे पाठ केली.

"खंडू भाई? मैं युनूस, उस्मानपुरे से. मारनेवालों में मैं भी था, भाई."

पुढचे मला नीट ऐकू आले नाही. मला त्याने 'बस' म्हटले नाही. मी उंबऱ्याजवळ उभा राहिलो आणि मग निघालो.

परतताना चौक मागे पडेपर्यंत मान वळवून बघत होतो. गावात फार दगडफेक होते, म्हणून सोडले, असे पुण्यात मी आयुष्यभर सांगितले आहे. घरी पोचल्यावर सुनेला आणि मुलाला समोर बसवले आणि त्यातला एक दगड कोणाचा होता ते सांगितले.