आतल्या गावातला रामराम

काकांचा उजवा हात कपाळाकडे निघाला की ओळखायचं, समोरून काहीतरी येतंय. माणूस असो, कल्याणची एसटी असो, नाहीतर रस्ता अडवून बसलेली म्हैस असो. "रामराम." आणि मग मान जराशी पुढे काढून थांबायचं. उत्तर आल्याशिवाय गडी हलायचा नाही. एसटी हॉर्न द्यायची, म्हैस शेपूट उडवायची. सगळ्या मुरबाडात त्यांना उत्तर न देणारा एकच होता, चौकातला विजेचा खांब. एका पावसाळ्यात त्यावरही ठिणगी उडाली, तेव्हा काका समाधानानं म्हणाले, "घेतला बघा."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. "जिथं कोण रामराम घेत नाय, तो गाव नाय."

दोन हजार चार-पाचची गोष्ट. काकांची भाड्यानं कादंबऱ्या देणारी लायब्ररी आणि माझा सायबर कॅफे, मध्ये एक भिंत. त्यांचे मेंबर उरले होते साडेतीन. अर्धा म्हणजे एक शिक्षक, तो फक्त शेवटची दहा पानं वाचून पुस्तक परत करायचा. स्वतः काकांना वेड एकाच जातीच्या कादंबऱ्यांचं: माणूस डोक्याला यंत्र लावतो, डोळे मिटतो आणि यंत्रातल्या जगात जाऊन पडतो. असली पुस्तकं त्यांनी इतक्यांदा वाचली होती की त्यांनी हाक मारली तर हवं ते पान आपणहून बाहेर यायचं.

माझ्याकडे चार कॉम्प्युटर आणि असं इंटरनेट, की गेममध्ये सकाळी उपसलेल्या तलवारीचा वार जेवणं झाल्यावर बसायचा. मधल्या वेळात समोरचा म्हातारपणानं मरायचा. तरी गिऱ्हाईक मावत नव्हतं. मला काकांचा गाळा हवा होता. दोन्ही गाळ्यांचा मालक एकच, त्याला मी सांगून ठेवलं होतं की काका उठले की गाळा माझा. पण काका उठायला तयार नव्हते.

एका दुपारी तेच माझ्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, खुर्चीला, मला आणि कॉम्प्युटरला रामराम केला आणि म्हणाले, "शेजारी, तुमच्या आतल्या गावाला मला नेऊन आणा. पुस्तकातला गाव मला पाठ हाय. खरा कसा असतो ते बघू."

तलवारींचा ऑनलाइन गेम होता, जगभरची माणसं एकाच वेळी खेळायची. आत जाण्याआधी आपलं रूप निवडायचं. काकांनी माऊस धरला आणि घाईत पहिलंच चित्र दाबलं. अशा रीतीनं टक्कल पडलेले, साठीचे काका कमरेएवढ्या निळ्या केसांची तरुणी होऊन आत उतरले. बदलू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे, गावात आल्या आल्या तक्रार बरी दिसत नाही.

पहिल्या तासातच त्यांनी कादंबरी आणि गेम यांचा निकाल लावला. पुस्तकात नायक आला की दरवान म्हणतो, आम्ही शंभर वर्षं तुझीच वाट बघत होतो. इथेही तसंच म्हणतो, पण मागच्या चाळीस जणांनाही तेच म्हणतो. पुस्तकात एक राक्षस आणि एक वीर. इथे एक उंदीर, आणि त्याला मारायला रेशनसारखी लाइन. पुस्तकात माणूस आत गेला की घरदार विसरतो. इथे खुर्ची रुतते, त्यामुळे मुरबाड विसरता येत नाही. फक्त एका गोष्टीत पुस्तक मागे पडलं. "तिथं मेला तो मेला. इथं मेला तो इहिरीवर उभा." मेलेला गडी गावच्या विहिरीपाशी पुन्हा जिवंत व्हायचा, ते काकांना फार आवडलं.

मग त्यांनी आयुष्यभराचं काम सुरू केलं. एकेक बोट शोधून, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: RAM RAM.

समोरच्या चिलखतवाल्यानं उत्तर दिलं, 512.

काका खूश. त्यांना वाटलं, गड्यानं नाव सांगितलं. नाव वेगळं आहे, पण बोलला. दुसऱ्यानं उत्तर दिलं, 256. तिसरा म्हणाला, 1 GB, आणि त्याच दमात त्यानं काकांना मारलं. मी पोट धरून हसत त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरच्या मेमरीला रॅम म्हणतात. तुम्ही रामराम करताय आणि ते आपापल्या मशीनची ताकद सांगतायत.

काका हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजे घेतला कोणीच नाय."

तिथेच पैज लागली. महिन्याभरात आतल्या एकानं जरी खरा रामराम घेतला, तर तो गाव खरा आणि काका गाळा सोडणार. नाही घेतला, तर त्यांच्या कादंबऱ्यांना माझ्या कॅफेत, अगदी दर्शनी भागात, कपाट. साक्षीदार कुणी नव्हता, पण काकांनी हात कपाळाला लावून शब्द दिला.

मी सरळ मार्गानं पैज जिंकणारा माणूस असतो तर हा लेख लिहीत बसलो नसतो. शहापूरला माझा एक दोस्त असाच कॅफे चालवायचा. त्याला फोन करून सांगितलं, गेममध्ये निळ्या केसांची बाई विहिरीवर उभी असेल, तिचा रामराम घे. त्यानं घेतला. पडद्यावर ठळक उमटलं: RAM RAM KAKA.

काकांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "शेजारी, या पोरीला काका कोण म्हणंल?"

पुढे दोन दिवस त्यांनी माझा रामराम घेतला नाही. मी त्या खांबालाच रामराम करतोय असं वाटलं.

महिना संपत आला. रोज दुपारी काका विहिरीवर उभे राहायचे, लिहायचे, मरायचे, पुन्हा उभे राहायचे. माझ्या मते चारेक हजारदा मेले असतील. शेवटच्या दिवशी मी त्यांना कॅफेवर बसवून माऊस आणायला कल्याणला गेलो. परतलो तर लाइट गेलेली आणि काका पायरीवर बसलेले.

"झाला," ते म्हणाले.

मग सांगितलं. एका दांडग्यानं त्यांना नेहमीसारखं मारलं. ते विहिरीवर उभे राहिले. तर तो तेवढं चालत मागे आला, तलवार म्यान केली आणि लिहिलं, ram ram ji, kaun gaon?

"कुठला गाव, असं इच्यारलं त्यानं. मी लिवलं, मुरबाड. त्याला पण त्याचा गाव इच्यारला. तो सांगणार, तोच लाइट गेली."

पडदा काळा होता. कॅफेत दुसरं कोणी नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच नुकसानीचं बोललो. "काका, हे कोणी पाहिलं?"

"मी पाह्यलं."

त्यांनी गाळ्याची चावी माझ्या हातात दिली. मी म्हणालो, पैज गेली खड्ड्यात, कपाट लावतो. ते म्हणाले, हरलेल्या माणसाला बक्षीस देऊन त्याची हार खोटी करू नका. आणि त्यांचं बोलणं पुन्हा त्याच दांडग्याकडे वळलं. दूरचा असावा, भाषा उत्तरेकडची होती. त्याच्या गावाचं नाव तेवढं कळायचं राहिलं.

चार दिवसांनी ते किन्हवलीला, भावाच्या घरी कायमचे गेले. मी भिंत पाडली, सहा कॉम्प्युटर बसवले. काका मुरबाडला परत आले नाहीत.

गेले ते शेअर जीपनं, साडेतीनशे कादंबऱ्या घेऊन. टपावर गठ्ठे मावेनात, म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर दहा-दहा पुस्तकं ठेवली. जीप भरल्याशिवाय सोडायची नाही हा ड्रायव्हरचा नियम, त्यामुळे सगळे तासभर तसेच बसून. कोणी सहज एक उघडलं, मग शेजारच्यानं. जीप हलली तेव्हा आत बावीस माणसं, मोजून सांगतो, खाली माना घालून वाचत होती. त्यात काका कुठले, ते मला बाहेरून ओळखता आलं नाही.