शेजारच्या खुर्चीवरची टोपी

आमच्या बेटावर "कशी आहेस?" असं कुणी विचारत नाही. "कुठं निघालीस?" म्हणतात, आणि त्याच दमात "सोबत कोण?" दाढ काढायला पलीकडे दानावला जायचं असलं तरी तिघं निघतात. एकाची दाढ, दुसऱ्याच्या हातात पिशवी, आणि तिसरा उगाच, बोटीत खायला मिळतं म्हणून. एकटी बाई दिसली की बाकीच्या लगेच हळहळायला लागतात, "अगं बाई, हिला कुणीच नाही का?" त्यापेक्षा चोर म्हटलेलं बरं वाटेल माणसाला.

माझं दुकान धक्क्याच्या तोंडाशीच आहे. साबण, सार्डिनचे डबे, कॉफीच्या पुड्या, बोटीत मळमळू नये म्हणून चघळायचं आलं. दुकानापुढे एक बाक आहे. बोट सुटेपर्यंत लोक त्यावर बसतात आणि मी काउंटरमागून त्यांचं सगळं ऐकते. तीस वर्षं ऐकतेय. प्रोसिंगचंही मी तिथूनच ऐकलं, म्हणून आता मला गप्प बसवत नाही.

युफ्रोसिना तिचं पूर्ण नाव, पण पाद्री सोडला तर तिला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. माझ्याच वयाची, छप्पन्नची. लग्न नाही. भाऊ मासेमारीला गेला तो आलाच नाही, आणि वहिनी हाँगकाँगला घरकामाला गेली ती तिकडेच दुसरा संसार मांडून बसली. मागे राहिली दोन पोरं, रोमेल आणि जिंकी. प्रोसिंगनं ताडाच्या पानांच्या चटया आणि टोप्या विणून त्यांना वाढवलं. पोरं तिला टिया म्हणायची; आत्या-मावशीला आमच्यात टियाच म्हणतात. बोटं बघायची होती तिची, नुसत्या भेगा. चटया पलीकडच्या बाजारात जायच्या, पण न्यायचा रोमेल. प्रोसिंगनं पाणी ओलांडलं ते कायम कुणाच्या तरी मागून, पिशवी धरून.

चार वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण इदांग पलीकडे बोगोला वारली. आमच्यात मढं नऊ दिवस घरात ठेवतात, लांबच्या माणसांना पोचता यावं म्हणून. नऊ दिवस! प्रोसिंग रोज पहाटे अंघोळ करून, काळा झगा घालून माझ्या बाकावर येऊन बसायची. रोमेल तिला घेऊन जाणार होता. पहिल्या दिवशी म्हणाला, "उद्या जाऊ टिया, आज माझ्या कोंबड्याची झुंज आहे." कोंबडा हरला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. मग मोटरसायकल बिघडली. मग जिंकीचं बाळ आजारी. रोज बोट सुटायची, आणि रोज ही तिच्याकडे बघत बसायची.

"अगं, चढ की!" मी एकदा ओरडले. "बोट काय खाणारे का तुला?"

"एकटी?" म्हणाली. एवढंच. जणू मी तिला झगा काढून चढ म्हटलं होतं.

दहाव्या दिवशी फोन आला की पुरलं. प्रोसिंग रडली नाही. बाकावरून उठली, माझ्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "ओपेंग, मला बोटीवर चढायला शिकव."

"त्यात काय शिकायचंय? पाय उचल, टाक."

"चेष्टा नको. एकटीनं."

मग शिकवलं. हसू नका, खरंच शिकवलं. पहिल्या आठवड्यात तिनं नुसतं तिकीट काढलं आणि प्रतीक्षागृहात बसून राहिली. बोट गेली, ही घरी आली. मला म्हणाली, आज खिडकीतल्या माणसाशी बोलले. पुढच्या आठवड्यात चढली, दोन तास पलीकडे, आणि खाली न उतरता त्याच बोटीनं दोन तास परत. येताना चेहरा पांढराफटक, पण मान ताठ.

तिसऱ्या वेळी हातात एक टोपी घेऊन आली. स्वतः विणलेली, रुंद काठाची, पुरुषाच्या मापाची.

"हा कोण आणलास बरोबर?" मी विचारलं.

"माझी सोबत," ती म्हणाली. "शेजारच्या जागेवर ठेवीन. कुणी विचारलं तर सांगीन, लघवीला गेलाय."

"दोन तास? डॉक्टरला दाखव म्हणतील बये!"

आम्ही इतक्या हसलो की बाकावरचा म्हातारा उठून गेला. पण टोपीनं काम केलं. त्या टोपीच्या जिवावर ती दानावला उतरली, बाजारात गेली, स्वतःच्या चटया स्वतः विकून आली. सगळ्यांत अवघड गेली ती जीपनी, दाटीवाटीनं बसून जायची ती लांबट जीपगाडी. तिथं भाडं हातोहात पुढे द्यायचं आणि मोठ्यानं सांगायचं, कितीजणांचं ते. गाडीभर माणसांसमोर "एकच" म्हणायची हिला इतकी लाज वाटली की हिनं दोघांचं भाडं दिलं. दोनदा दिलं! तिसऱ्यांदा मी तिला दुकानापुढे उभी केली आणि म्हटलं, ओरड. "एकच!" ती पुटपुटली. "मेलीस का? मोठ्यानं!" "एकच!" शेवटी असं ओरडली की धक्क्यावरच्या हमालांनी वळून बघितलं.

आणि मग एक दिवस ती टोपी घरी विसरून गेली. खरंच विसरली. संध्याकाळच्या बोटीनं परतली ती उन्हानं लाल होऊन, हातात इदांगच्या थडग्यावरची मूठभर माती बांधलेला रुमाल. थेट बोगोपर्यंत जाऊन आली होती. वाटेत एकटीनं बसून गरमागरम भाताची पेज खाल्ली होती, वरून आलं-लसूण घातलेली.

"वाढणारीनं विचारलं, किती वाट्या?" ती सांगत होती. "मी म्हटलं, एकच. खाऊन झाल्यावर म्हटलं, आता अजून एक." आणि मान मागे टाकून हसली. इतक्या वर्षांत मी तिचे मागचे दात पहिल्यांदा बघितले.

इथंच थांबायला हवं होतं. पण आमची माणसं कशी आहेत ते मला ठाऊक आहे, मीही त्यांतलीच आहे.

आधी सगळे घाबरले, मग आठवडाभर कौतुक केलं, आणि मग त्यांना सोय कळली. "टिया जातेच आहे ना." रोमेलचा मोटरसायकलचा भाग आणायचा, टिया. जिंकीच्या बाळाच्या जन्माचा दाखला, टिया. शेजारणीच्या मुलीला सुकी मासळी पोचवायची, तीही टियाच. ज्या बाईला एकटीला पाण्याच्या कडेला उभी राहू देत नव्हते तिला आता दर आठवड्याला तीन तीन पिशव्या देऊन बोटीत ढकलू लागले. ढकलायलाही कुणी येईना, पिशव्या माझ्या दुकानात ठेवून जायचे. प्रोसिंग तक्रार करायची नाही. तिला अभिमान वाटायचा, वेडीला.

गेल्या वर्षी गळ्याला गाठ आली. पलीकडे सेबू शहरातल्या इस्पितळात दाखवायला गेली, अर्थात एकटीच. डॉक्टर म्हणाले, लवकर कापून काढावी लागेल, आणि येताना सोबत माणूस हवं. बाहेरून औषधं आणायला, सही करायला, रात्रंदिवस उशाशी बसायला. त्याशिवाय टेबलावर घेणार नाही. तसा त्यांचा नियमच आहे, आणि त्यात गैर काही नाही. आमच्याकडे आजारी माणूस एकटं असतं असं कुणाच्या मनातही येत नाही.

तिनं घरी सांगितलं. जिंकी म्हणाली, "मला बाळाला टाकून कसं येता येईल टिया? आणि तुम्हाला काय, तुम्ही तर सेबू पाठ केलंय." रोमेल म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं येतोच." मग ती माझ्याकडे आली. तिनं सरळ विचारलं नाही. बाकावर बसून आल्याची पुडी चाळवत राहिली. आमच्या संताचा उत्सव चार दिवसांवर आलेला, माझं दुकान मालानं भरलेलं, घरात पाहुणे. मी म्हटलं, "रोमेल येतोय ना? आणि तू आता बेटावरची सगळ्यांत पक्की प्रवासी, तुला कोण लागतंय?"

मी म्हटलं हे. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या जिभेला तेव्हा फोड का नाही आला?

निघाली तेव्हा तिच्या हातात ती टोपी होती. मला वाटलं, उन्हासाठी.

उत्सवाच्या दिवशी मिरवणूक संपता संपता ती परत आली. दोन्ही हातांत पिशव्या. शहरातली बिस्किटं, सुकवलेले आंबे, प्रत्येकासाठी काही ना काही, कारण रिकाम्या हातानं परतायची आमच्यात पद्धत नाही. मी धावत पुढे गेले आणि तिच्या गळ्याकडे बघितलं. पट्टी नव्हती. गाठ जिथल्या तिथं.

"कापली नाही?"

"सोबत नव्हती ना," म्हणाली, आणि बाकावर बसली.

पहिल्या दिवशी दारावरच्या रखवालदारानं विचारलं, सोबत कोण? ही म्हणाली, मागून येतोय. वॉर्डात खाटेशेजारी सोबत्याची खुर्ची असते, तिच्यावर हिनं टोपी ठेवली. नर्स आली, विचारलं, हा कुठं गेला? खाली गेलाय, येईल. दुसऱ्या दिवशी तेच. रोमेलला फोन लावला तर मागे बँडचा आवाज, "उद्या नक्की टिया!" नर्स भली होती. ती म्हणाली, नानी, दोन दिवस झाले, या टोपीनं अजून जेवणही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट दुसऱ्या बाईला दिली. त्या बाईबरोबर पाच नातेवाईक होते, दोघं तर खाटेखालीच झोपले. हिला पुढची तारीख मिळाली, चार महिन्यांनंतरची.

मी उठले. म्हटलं, आत्ता जाते आणि त्या रोमेलचे कान उपटून हातात देते. तिनं माझं मनगट धरलं.

"बोलायचं नाही, ओपेंग. तुला माझ्या इदांगची शपथ. बघा, हिला एकटीला जमत नाही, असं म्हणतील. परत घरात बसवतील."

"अगं, पण हे एकटीनं करायचं काम नव्हतंच!"

"ते त्यांना वेगळं करून कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि पिशव्या उचलून घरी गेली. घरच्यांना सांगितलं, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. त्यांनी बिस्किटं खाल्ली. गळ्याकडे कुणी बघितलं नाही. कोंबडीमागे धावणाऱ्या पोराला आमच्याकडे विचारतात, कुठं चाललास, सोबत कोण. तिला कुणीही विचारलं नाही.

आणि मी शपथ पाळली. आता वाटतं, कशाला पाळली?

चार महिन्यांनी मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर गेले. रखवालदारानं विचारलं तेव्हा मी तिच्याही आधी ओरडले, "मी! मी आहे सोबत!" डॉक्टरांनी गळा चाचपला, काखेत चाचपलं, कागद उलटून बघितले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, आता कापून उपयोग नाही, गेल्या तारखेला का नाही आलात? मी काय सांगणार? सोबत आहे का विचारून परत पाठवलेली बाई आणि तिच्या खुर्चीवरची टोपी त्यांच्या कागदात कुठं असणार?

परतीच्या बोटीत मी तिच्या शेजारी बसले. टोपी तिच्या मांडीवर होती. "आज हिला जागा धरायचं काम नाही," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. नाताळच्या तीन आठवडे आधी ती गेली.

नऊ दिवस तिला घरात ठेवलं. काय गर्दी! पत्ते, कॉफी, बिस्किटं, भाड्याच्या खुर्च्या. तिची वहिनीसुद्धा हाँगकाँगहून आली, एवढ्या वर्षांनी, अगदी वेळेवर. दफनाच्या दिवशी ऊन मरणाचं होतं, म्हणून पाद्री रोमेलला म्हणाला, म्हातारी माणसं आहेत, थोडेच जण चला. दफनभूमी तर चर्चच्या मागेच, पाच मिनिटांचा रस्ता. रोमेलनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही फादर. आमच्या टियाला आम्ही एकटीला कसं जाऊ देऊ?"

दीडशे माणसं निघाली. रोमेल सगळ्यांत पुढे, शवपेटीला हात लावून. मी घरातून टोपी घेतली होती, तिच्याबरोबर ठेवावी म्हणून. ते ऐकलं आणि माझे पाय आपोआप वळले. गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेले आणि ती टोपी त्याच्या डोक्यावर बसवली. मापात बसली, अगदी बेतून केल्यासारखी.

"घाल," मी म्हटलं. "दोन दिवस तुझी जागा धरून बसली होती ही. इस्पितळात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काही कळलं नाही त्याला. टोपी कपाळावर नीट ओढून घेतली आणि म्हणाला, "बरं झालं आणलीत, टिया ओपेंग. ऊन फार आहे."