काजळीच्या कागदावरचं तिचं बोट

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं. तिचा एक फोटो माझ्याजवळ नाही. पण एका माणसाजवळ तिच्या बोटाच्या रेघा आहेत, आणि त्या माणसावर मी अजून जळतो.

हे घडलं तेव्हा आम्ही दोघं सोलापुरात गिरणीत होतो. मी मागावर, ती सूत गुंडाळायच्या खात्यात. तिथं एक डॉक्टर आला, कामगाराचं बोट कसं दमतं ते मोजायला. मनगट फळीला पट्ट्यानं बांधायचं, मधलं बोट दोरीच्या फासात घालायचं आणि टांगलेलं वजन ओढत राहायचं. दर ओढीला एक सुई फिरत्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ मारी. बोट दमलं की रेघा आखूड होत जात.

सुट्टीत शेजारच्या मागावरचा म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या मालकिणीचा हात डाक्टरच्या हातात हाय की! तुमी खावा भाकरी निवांत."

भाकरी टाकून तिच्या खात्यात गेलो. डॉक्टर सांगत होता, "बाई, बांगड्या उतरवा. पट्टा बसत नाही."

"नवरा जिता हाय माझा," ती म्हणाली. "न्हाई उतरायची."

मला बरं वाटलं. तोच त्यानं खिशातला इस्तरीचा रुमाल काढला, तिच्या बांगड्या कोपराकडं सारल्या आणि वरून रुमाल बांधला. ती हसली. गिरणीत माझ्याकडं बघून कधी हसली नव्हती.

तिच्या रेघा लांबच लांब. आखूड व्हायचं नाव नाही. "काय बोट आहे!" डॉक्टर म्हणाला.

"माझं बी मोजा," मी म्हणालो.

ओढायचं बोटानं. मी रागानं खांद्यापासून हिसडा दिला. सुई कागदात घुसली, कागद टरकन फाटला. डॉक्टरनं तो चुरगळून टाकला.

"अवं, बोट हलवायचं व्हतं," बायको म्हणाली, "मोट न्हाई वढायची!" सगळं खातं हसलं.

तिचा कागद मात्र त्यानं रोगणात बुडवून पक्का केला. "मला द्या की, भिंतीला लावते," ती म्हणाली. "माझ्या कामाचा आहे," म्हणून त्यानं पेटीत घातला आणि नेला.

शेवटच्या दुखण्यात तिनं विचारलं, "त्या डाक्टरवर अजून राग हाय व्हय?"

"हाय."

"लई हाय?"

"लई."

पडल्या पडल्या हसली.

हिरव्या बांगड्या भरून तिला नेली. ते बोट माझ्यासमोर जळालं. त्या माणसाला तिचं नावही आठवत नसेल. तरी तिचा हात त्याच्या पेटीत आहे, माझ्या घरात नाही.