कापलेली मूठ

सानपाड्यातल्या लेथच्या दुकानात मी माझ्या लाइटसेबरच्या, म्हणजे सिनेमातल्या त्या उजेडाच्या तलवारीच्या, मुठीवर खाचा पाडून घेत होतो. शेजारी एका अनोळखी गृहस्थाने तशीच नवीकोरी मूठ पकडीत आवळली आणि सरळ करवत चालवली.

“अहो, काय करताय!” मी ओरडलोच.

“पोरीसाठी बनवतोय. तिला मनगटापुढे हात नाय. पट्टा लावून ही बसवणार.”

मी हादरलो. “पण नकली हात मिळतो ना?”

“आणलाय की. कपाटात पडलाय. ती बोलते, पप्पा, हात तर सगळ्यांनाच असतो. तलवार कोणाकडे आहे?”

तो कापलेली कड कानशीने घासत होता आणि दर वेळी स्वतःच्या गालावर फिरवून बघत होता.