आडकू शाहिराचा डफ

आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक डफ टांगलेला आहे. कातडं केव्हाच फाटलं, लाकडी कडं तेवढं शाबूत आहे. त्याची गोष्ट मी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत आलोय — आणि एकदाही खरी सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? ते काही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जमत असेल कदाचित.

उकरून काढलं ते नातीनं. ती गडचिरोलीला मराठीत एम. ए. करते. परवा फोनवर म्हणाली, आबा, वेगवेगळ्या काळातल्या कवींनी लढाई कशी मांडली यावर मला लिहायचंय, तुमचा तर हा हातचा विषय. हातचाच. सावली गावच्या शाळेत नोकरी संपेपर्यंत तो शिकवत होतो. मग काय, सुटलो. म्हटलं, आपल्या जुन्यातल्या जुन्या कवींना लढाई जिंकून पुरत नाही. ती संपली की त्यांच्या काव्यात बायका रणांगणावर येतात, मढी उलटीपालटी करून आपला माणूस शोधतात. मग पोवाड्यांचा काळ — घोडे, किल्ले, तलवारी, डफावर थाप. आणि आपल्या काळातल्या कवींना अख्खं सैन्य दिसतच नाही, एक माणूस दिसतो. कधी तोही नाही, त्याचा नुसता बूट दिसतो.

पोरगी हुशार आहे. म्हणाली, "पण आबा, रडणारे शाहीर कोणीच नव्हते का?"

मी म्हणालो, रेंज जातेय गं, आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

रडणारा एक शाहीर होता. मी त्याला ऐकलंय.

मी तेव्हा चंद्रपूरला बी. ए. करत होतो. वडील लहानपणीच गेले, म्हणून मामांकडेच वाढलो — नत्थूमामा, सावलीकडचे नावाजलेले शाहीर. सुट्टी लागली की मी त्यांच्याच गावी. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, ती आता पूर्वीसारखी राहिली नाही असं मी म्हणतो, आणि माझ्या वयाचा प्रत्येक माणूस म्हणतो. पण खरंच सांगतो, ती मंडई! धान कापणीला आलेलं, वाऱ्याला त्याचा वास. तलावाच्या पाळीवर उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या, जिलेबीच्या कढया, माहेरी आलेल्या पोरी नव्या लुगड्यात. रात्री नाटक, पण दिवसा खडी गंमत — दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर उभ्या राहून गाणार, पंच निकाल देणार. आणि हरलेल्यानं आपला डफ जिंकणाऱ्याच्या पायापुढं ठेवायचा, ही रीत. जिंकणारा तो कपाळाला लावून परत देई. निदान द्यायला हवा.

त्या वर्षी सीमेवर लढाई होऊन गेली होती, म्हणून गावानं विषय दिला — लढाई. एकीकडे नत्थूमामा. दुसरीकडे वैनगंगेपलीकडून आलेला आडकू शाहीर, काटकुळा, मान जरा वाकडी. आणि पंच कोण? मी! मिसरूड धड फुटलेलं नाही, आणि पंच. गावच्या पाटलांनीच ठरवलं. "पोरगा कालेजात कविताच शिकून राह्यला, त्याले नाई समजन तं कोनाले?" भाचा मामाचा निकाल कसा देणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या माणसावर तेव्हा लोकांचा असा भाबडा विश्वास होता. मला तो फार आवडला, हेही सांगून टाकतो. खुर्चीत ताठ बसलो होतो अगदी.

मामांनी मंडई दणाणून सोडली. किल्ला काय, दरवाजा काय, तोफ काय — पोरं पारावरून उड्या मारायला लागली. मग आडकू उठला. त्यानं डफ जवळजवळ वाजवलाच नाही, बोटांनी नुसता चाचपत राहिला. त्याचा थोरला भाऊ त्या लढाईत गेला होता, आणि गावी आली ती त्याची पत्र्याची काळी पेटी. आडकूनं त्या पेटीचंच गायलं.

पेटी आली घरी बाई, पेटीवाला नाई आला,
चाबी त्याच्या खिशामंदी, कुलूप पुसते — कुठी गेला?

शिंगाडे विकणाऱ्या बायांचे हात थांबले. गाण्यात शत्रू नव्हता, तोफ नव्हती. पेटी कोणी फोडायची नाही म्हणून घरात हटून बसलेली वहिनी होती, आणि बांधीत उभं असलेलं धान होतं. ती वहिनी, सायत्राबाई, बायांच्या घोळक्यात समोरच बसलेली होती. पदर तोंडात धरून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्म्याची सबब तेव्हा नव्हती, मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं केलं.

आता सांगा, निकाल काय द्यायचा होता मी? मला माहीत होता. सगळ्या मंडईला माहीत होता. मामांनाही माहीत होता, ते माझ्याकडे बघत नव्हते. आणि मामांच्या मागे, ओट्यावर, त्यांची मुलगी बसलेली होती. तिचं-माझं जमवायचं घरात चाललं होतं. मामांचा डफ माझ्या तोंडून आडकूच्या पायापुढं गेला असता, तर त्या घरात मी कोणत्या तोंडानं जेवायला बसलो असतो? — बघा, सबब सांगायला लागलो. नको.

मी उभा राहिलो आणि भाषण केलं. म्हणालो, आडकूभाऊंचं गाणं गोड आहे, पण ते लढाईचं नाही. वीररसात रडणं बसत नाही. आपल्या जुन्या कवींनी हे सांगूनच ठेवलंय. आणि मी ओळ म्हटली —

रणीं जो रडे तो कवी ना म्हणावा.

कुठल्या कवीची? कुठल्याच नाही. ती मी त्या खुर्चीवर बसल्याबसल्या जुळवली होती. चाल जुनी, शब्द जुने, कॉलेजात असले चाळे आम्ही मित्रमित्र करायचो. पुढचा चरण सुचला नाही, तेव्हा म्हणालो, पुढचं या क्षणी स्मरत नाही. लोकांनी माना डोलावल्या. जुन्या कवीचं म्हणणं, त्यावर कोण बोलणार? आडकूनंही मान डोलावली. पुढं आला, डफ मामांच्या पायापुढं ठेवला. मामांनी तो कपाळाला लावला — आणि परत दिला नाही. घरी नेऊन टांगला. मामांकडून तो लग्नानंतर माझ्या घरी आला. बायको पाहुण्यांना हौसेनं सांगते, माझ्या बाबांनी जिंकलेला. मी शेजारी बसून ओळीसकट निकाल पुन्हा म्हणून दाखवतो. लोक हसतात, चहा होतो.

इथंच संपलं असतं तर पोरवयातली लबाडी म्हणून मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं.

सावलीला मास्तर झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी आडकू भेटला. त्यानंच हाक मारली. "गुरुजी! वळखलं काय?" मला हाताला धरून हॉटेलात नेलं, चहा पाजला. म्हणाला, "तुमी तवा बरं केलं गा. मले कोनी सांगतलंच नोतं का लढाईत रडाचं नसते. आमी अडानी. आता मी तलवारीचंच गाऊन राह्यलो. ते पेटीवालं सोडून देल्लं." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माझे विद्यार्थी बघत. अजून वेळ होती. चहा गरम होता, माणूस समोर होता, दोन वाक्यांचं काम होतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "चांगलं केलंत." आणि बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पोरांना शिकवलं की जुने कवी लढाईत रडतात, आणि म्हणूनच ते मोठे. जीव तोडून शिकवलं. रणांगणावर आलेल्या त्या बायांचं वर्णन करताना माझा आवाज भरून येई, पोरं त्याला भुलत. वर्गात खरं बोलायला काय लागतं? तिथं आडकू बसलेला नसे. तो पुढं बरीच वर्षं मंडईत गात राहिला, दुसऱ्या कुणाचा डफ मागून. मी एकदा लांबून ऐकलं. घोडे, किल्ले, तोफा. बरं गायचा. तसं गाणारे मात्र पुष्कळ होते.

आणि आता जे सांगायचं आहे ते. इथवर मी नुसता घुटमळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आडकू गेला. त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हं कलायच्या वेळी, सायत्राबाई आमच्या दारात आल्या. म्हाताऱ्या झालेल्या, नातवाच्या मोटारसायकलवर बसून नदी ओलांडून आलेल्या. नातू बाहेरच थांबला. त्या बैठकीत, डफाच्या बरोबर खाली बसल्या. बायकोनं पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आडकूभाऊजीनं आमच्या ह्यायचं गानं केलं होतं, पेटीवालं. मंग त्यायनं गायलंच नाई कवा. मी मनलं तरी नाई. मनत, ते चुकीचं हाये बाई, गुरुजीनं सांगतलं. आता ते बी गेले. कोनालेच येत नाई. तुमी पंच होते, तुमी तं ध्यानानं आयकलं असन. तुमाले येते काय?"

मग पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "पेटी हाये अजून. पन पेटी बोलत नाई ना."

बायको दारात उभी होती. तिच्या मागं भिंतीवर तिच्या बाबांची तसबीर, हार घातलेली. मी एक कडवं म्हटलं असतं, तर ते गाणं केव्हाच विसरलेल्या बायकोनं विचारलं असतं, इतकं सुंदर गाणं हरलं कसं? आणि इतक्या वर्षांनंतरही पाठ कसं?

मी म्हणालो, "नाही बाई. आठवत नाही."

त्या रागावल्या नाहीत. "इतक्या सालाचं कोनाच्या ध्यानात राहाते," असं माझीच समजूत काढून म्हणाल्या. उठताना मान वर करून डफ पाहिला, हात पोचला तिथवर त्याच्या कड्याला लावला, तो हात कपाळाला लावला. बायको कौतुकानं म्हणाली, माझ्या बाबांनी जिंकलेला हा. त्या म्हणाल्या, "हो बाई, माहीत हाये. मी होतो ना तिथी." आणि पायरीवर बसून चपला शोधू लागल्या.

या उन्हाळ्यात त्याही गेल्या. नातीचा फोन त्यानंतरचा.

बायको आता आत कुकर लावतेय. डफ इथंच आहे, माझ्या डोक्यावर. आणि गाणं — ते मला अख्खं पाठ आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आडकूनं कुठं श्वास घेतला त्यासकट. सायत्राबाई पायरीवर चपला शोधत होत्या, तेव्हाही ते माझ्या मनात चालू होतं. त्यांची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत ते संपलंही.