पोलिसांना ताप देऊ नका

फ्लूची मोठी साथ येण्याआधी पोलिसांची तयारी झालेली असावी, म्हणून लंडनच्या हॅरोत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये साथीची रंगीत तालीम झाली. निम्मे पोलीस आजारी पडून आडवे झालेत, असं धरून चालायचं होतं. आडवं व्हायला त्यांना साथ कशाला लागते, हे मी विचारलं नाही, कारण तालीम माझ्या नातीने बसवली होती. ती पोलिसात आहे. तालीम जमली तर तिला ऑफिसात नियोजनाची जागा मिळणार होती. नाहीतर पुन्हा गस्तीची गाडी आणि शनिवारचे दारुडे.

मराठी म्हाताऱ्यांसाठी पोस्टर तिने स्वतः लिहिलं. खोकणाऱ्यांनी पोलिसांच्या जवळ जाऊ नये, एवढंच तिला सांगायचं होतं. लिहिलं, ‘पोलिसांना ताप देऊ नका.’ आणि हॉलच्या दारावर लावून टाकलं.

तालमीत माझी मैत्रीण घरात एकटी आजारी पडली होती, म्हणजे एका पडद्यामागे. आम्ही तिघी तिच्या शेजारणी. तिने ओ दिली नाही तर काय करायचं, ते आमचं आम्ही ठरवायचं. नातीचे इंग्रज साहेब फोनपाशी बसून होते.

आम्ही हाक मारली. ओ नाही.

“पोलिसांना फोन करायचा का गं?” एकीने विचारलं.

“दारावर काय लिहिलंय, वाचता येत नाही का?” दुसरी म्हणाली. “आधीच त्यांची माणसं कमी, त्यात आपली कटकट.”

मलाही पटलं. सगळा जन्म या देशात कुणाला ताप न देता काढला, आता म्हातारपणी कशाला सुरुवात? आम्ही थर्मासमधला चहा काढला.

पडद्यामागून मैत्रीण ओरडली, “अगं सटव्यांनो, मेले ना मी! मलाही द्या घोटभर!”

साहेब मात्र भलतेच खूश. एकही फोन आला नव्हता. “वंडरफुल! हे लोक आपलं आपण सांभाळतात. हे पोस्टर सगळीकडे लावू,” असं म्हणत त्यांनी नातीचा हात जोरजोरात हलवला.

ती तडक माझ्याकडे आली. “आजी, तू फोन का नाही केली?”

“तूच नको म्हणालीस ना. ताप देणं म्हणजे त्रास देणं.”

“पण ताप म्हणजे फीव्हर!”

“तो येतो गं. द्यायचा तो त्रास.”

“ओ गॉड. आणि सर इज सो हॅपी. आता मी काय करू?”

“मला काय विचारतेस? नोकरी तुझी.”

ती जराशी घुटमळली. मग साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. पडद्यामागची बाई आपल्या तालमीत मेली, हे साहेबांना तेव्हा कळलं.

नियोजनाची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. मराठी पोस्टर काढून तिथे इंग्रजी लावलं. आमच्यातल्या निम्म्या जणींना ते वाचताच येत नाही, त्यामुळे आता कुणाचा गैरसमज होत नाही.

परवा नात जेवताना म्हणाली, “आजी, मी चूप बसले असते तर ती जागा मला मिळाला असता.”

“मिळाली असती,” मी तेवढंच सुधारलं आणि तिला आणखी आमटी वाढली.